मासळीच्या पाटीतला तापमापक



समुद्र किती तापला हे पाहावयाचे तर तापमापक पाण्यात बुडवावा, असे आपणांस वाटते. ते खरेच आहे. परंतु आज आम्ही ज्या अभ्यासकाची हकीगत सांगणार आहोत, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम मासेमारीच्या जमाखर्चाकडून करवून घेतले.

डॅनियल पॉली यांचा जन्म १९४६ चा, पॅरिसचा. बालपण गेले स्वित्झर्लंडात, म्हणजे ज्या देशाला समुद्रच नाही तेथे! शिक्षण जर्मनीत कील येथे. पुढे काम निघाले ते इंडोनेशियात, आणि तेथे शिकलेली विद्या अडली. थंड मुलखातल्या माशाचे वय त्याच्या कानातल्या खड्यावरील वलयांवरून मोजतात. हिवाळ्यात वाढ मंदावते म्हणून वलय उमटते. जेथे हिवाळाच नाही तेथे वलये वाचावयाची कशी? तेव्हा त्यांनी मोजपट्टी हाती घेतली. हजारो माशांच्या लांब्या महिन्यामागून महिना टिपल्या, तर एका वयाचा घोळका पुढे सरकताना दिसतो आणि वाढीचा वेग कळतो. १९७९ पासून मनिला येथे राहून त्यांनी ही रीत गणकयंत्रावर बसविली. महागडी प्रयोगशाळा नसलेल्या देशांना ती फार उपयोगी पडली, आणि आमच्या मते त्यांच्या साऱ्या कामात हेच सर्वांत मोलाचे.

१९७९ च्याच प्रबंधात त्यांनी आणखी एक प्रश्न मांडला: मासा वाढावयाचा थांबतो का? माशाची लांबी दुप्पट झाली की वजन आठपट होते. पृष्ठभाग मात्र चौपटच. कल्ल्यांचा पृष्ठभाग चौपटीहून काहीसा अधिक वाढतो, पण आठपटीला पोचत नाही. म्हणजे शरीर मोठे आणि श्वास अपुरा. त्यातून पाणी तापले की प्राणवायूची गरज वाढते आणि पाण्यात तो विरघळतो कमी. मग माशाने लहान राहावे, नाही तर थंड पाण्याकडे निघून जावे. ही उपपत्ती सर्वांना मान्य आहे असे मात्र नव्हे. कल्ले घडीदार असतात, गरजेप्रमाणे वाढू शकतात, असा आक्षेप २०१७ साली शरीरक्रियेच्या अभ्यासकांनी घेतला. तो वाद मिटलेला नाही.

जमाखर्चाची गोष्ट २०१३ ची. विल्यम चंग, रेग वॉटसन आणि पॉली यांनी प्रत्येक जातीच्या माशाला मानवणारे तपमान ठरविले आणि त्या त्या वर्षी जी जात जितकी सापडली तितका तिला हिशेबात भाव दिला. पाटीत थंड पाण्याचे मासे जास्त असतील तर सरासरी खाली, उष्ण पाण्याचे असतील तर वर. जगातील ५२ सागरी प्रदेशांचे १९७० ते २००६ चे आकडे घेता ही सरासरी दर दहा वर्षांस ०.१९ अंशाने चढलेली निघाली. उष्ण प्रदेशांत मात्र ती आधी चढली आणि मग थबकली. थंड समुद्रातून गेलेल्याची जागा घ्यावयास दक्षिणेकडचा वा उत्तरेकडचा उष्ण पाण्याचा मासा येतो. विषुववृत्तापाशी याहून उष्ण पाण्याचा मासा आणावयाचा कोठून?

आपला किनारा उष्ण प्रदेशातच येतो. तारली पूर्वी बहुतांशी ८ ते १४ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात, म्हणजे कारवारच्या दक्षिणेस सापडे. १९८५ नंतर ती उत्तरेकडेही वाढत्या प्रमाणात मिळू लागली. आमच्या कोकणात ती आली म्हणून आनंद मानावा, की ती का निघाली हे विचारावे?

विचारावयाचे तर जुने ठाऊक हवे. १९९५ साली पॉलींनी एका छोट्या टिपणात लिहिले, की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच मूळचा समुद्र धरते, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी शास्त्रात टाकाऊ मानल्या जातात. म्हणून एक विनंती. आपल्यांत किनाऱ्यावर वाढलेली वडीलधारी मंडळी असतील, तर लहानपणी कोणता मासा, कोठे, केवढा आणि कोणत्या महिन्यात मिळे, हे व्याख्यान संपल्यावर आम्हांस सांगावे. वही आणलेली आहे.