कोसा कुणाचा?

(नागझिरा परिसरातील कार्यकर्ता-शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



नैसर्गिक धाग्याच्या, स्थानिक हातांनी विणलेल्या वस्त्राकडे शहरी ग्राहक पुन्हा वळू लागला आहे. पश्चिम महाराष्ट्रात धनगरी घोंगडीचे जसे कौतुक होते, तसे आपल्या भंडारा-गोंदियाकडे कोशाचे होते. ही आवड स्वागतार्ह आहे. परंतु तेवढ्याने श्रमिकाला न्याय मिळतो असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

टसरची अळी ऐन व अर्जुन या झाडांच्या पानांवर, उघड्या रानात वाढते. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत प्रामुख्याने ढिवर समाजाची कुटुंबे हे काम करीत आली. अळ्या झाडावर चढविल्या की कोश बांधून होईपर्यंत पाखरे व मुंग्या यांपासून भर पावसात त्यांची राखण करावी लागते. पुढे कोश उकळून धागा काढावयाचा. मध्य भारतात हे काम बायांनी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर सूत वळून केले. कातडी सोलवटली, मजुरी मात्र तुटपुंजीच राहिली. आंधळगाव-मोहाडीचा कोष्टी त्या धाग्यातून करवतीच्या दात्यांसारख्या काठाची करवतकाठी साडी विणतो. ग्राहकाने मोजलेल्या दामातून राखणदार, सूत काढणारी बाई आणि विणकर या तिघांच्या पदरात किती पडते, हा खरा प्रश्न आहे. कारखानी मालाची विक्री-किंमत उत्पादनखर्चाच्या दीडपटीहून अधिक नसावी, असा आग्रह डॉ. राममनोहर लोहिया यांनी धरला होता. हाच हिशेब कोशाच्या व्यापाऱ्याला का विचारू नये?

दुसरा प्रश्न जंगलावरील हक्काचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर व कोश यांचा नावानिशी समावेश केला आणि ते गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना दिला. परंतु ढिवर समाज अनुसूचित जमातींत मोडत नाही. त्यामुळे १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास त्याने सिद्ध करावयाचा. ज्याच्या आजोबाचे आयुष्य ऐनाच्या सावलीत गेले, त्याने कागद आणावा कुठून?

नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचला पाहिजे, याविषयी आपल्यात दुमत नाही. पण व्याघ्र प्रकल्पाच्या नावाखाली, हक्कांची निश्चिती पूर्ण होण्याआधीच कुणाला रानाबाहेर काढणे या कायद्यात बसत नाही. शिवाय ऐन तुटला तर कोशाचे पीकच बुडते. म्हणून ते झाड उभे राहावे, यात ढिवराचा स्वार्थ वनखात्याइतकाच आहे.

तेव्हा कामे स्पष्ट आहेत. गावातील वृद्धांचे लेखी निवेदन वनहक्काचा पुरावा म्हणून नियमांना मान्य आहे. प्रत्येक शाखेने ग्रामसभेत बसून अशी निवेदने नोंदवून घ्यावीत. कोश उत्पादक व विणकर यांच्या सहकारी संस्थांचा थेट व्यवहार जुळवावा. आणि शहरातील आपल्या सहानुभूतीदारांनी साडी विकत घेताना तिच्या काठाबरोबर मजुरीचीही चौकशी करावी. वृद्ध माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्याबरोबर साक्षही जाईल. म्हणून पहिले काम याच हंगामात हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे.