काळ्या वाळूतलं लोखंड

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर लोहचुंबकाला दोरी बांधून तो वाळूतून ओढायचा खेळ तुमच्यापैकी काहींनी केला असेल. चुंबकाला काळी लव फुटते आणि झटकून निघत नाही, चिमटीनं ओरबाडावी लागते. ते मॅग्नेटाइट, बरोबर इल्मेनाइटही असतं, म्हणजे लोखंडाच्या सोबतीला टायटेनियम.

अशीच वाळू न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मैलोन् मैल पसरली आहे. तारानाकीच्या ज्वालामुखीची देणगी. एकोणिसाव्या शतकात तिथं वसलेल्या गोऱ्या मंडळींना तिचा मोह पडला. खाण नको, सुरुंग नको. फावड्यानं उचला आणि भट्टीत घाला! पण भट्ट्या तुंबल्या. झोतभट्टीत टायटेनियमची कार्बन-नायट्रोजनशी संयुगं होतात. भट्टीच्या आचेला ती दाद देत नाहीत. त्यांचे कण मिसळले की धातुमळीची पेज राहत नाही, पिठलं होतं. ते वाहणार कसं?

तोड निघाली ऑकलंडजवळच्या ग्लेनब्रुकला. कारखाना 1960च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला, पण पद्धत बसायला बरीच वर्षं गेली. वाळू आधी कोळशाबरोबर फिरत्या आडव्या भट्टीत तापवायची. न वितळताच लोखंडाचा बराचसा ऑक्सिजन सुटतो. मग विजेच्या भट्टीत वितळवायची. हे क्षपण, म्हणजे ऑक्सिजन काढणं, बेतानं केलं, की टायटेनियम ऑक्साइड म्हणून मळीतच राहतं.

वाळूत थोडं व्हॅनेडियमही असतं, ते मात्र लोखंडाबरोबर खाली उतरतं. पोलाद करण्याआधी त्या रसात ऑक्सिजन सोडतात. कार्बनच्या आधी व्हॅनेडियम जळतं, मळी होऊन वर येतं आणि वेगळं काढता येतं. सगळी कसोटी हात कधी आवरायचा याची. हेच मूलद्रव्य 1830 साली रसायनशास्त्रज्ञ सेफस्ट्रॉमला स्वीडनमधल्या टाबेर्गच्या लोखंडात सापडलं होतं. तेही टायटेनियमवालंच खनिज. त्याआधी, 1801 साली, मेक्सिकोत खनिजशास्त्रज्ञ डेल रिओला ते गवसलं होतं. पण हे क्रोमियमच, असं इतरांनी पटवलं आणि बिचाऱ्यानं दावा सोडला.

पोलादात चिमूटभर व्हॅनेडियम पडलं की ते चिवट होतं, म्हणून ही व्हॅनेडियमची मळी परदेशी विकली जाते. पण त्या वाळूत व्हॅनेडियम एक टक्कासुद्धा नाही. टायटेनियमचं ऑक्साइड आठ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि ते ज्या मळीत जातं, ती फोडून खडी करतात. न्यूझीलंडच्या रस्त्यांवर ती घातलेली आहे.