पहिले घर आणि परत मिळणारा कर



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. या दोन्ही कामांत हाताशी धरलेला पैसा कधी पुरत नाही, हा त्यांचा अनुभव. आज लग्नाची गोष्ट बाजूला ठेवू आणि घराबद्दल बोलू. तेही आयुष्यातल्या पहिल्या घराबद्दल. पक्क्या घराचे मोल मराठवाड्याला निराळे समजावून सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, ते लातूर जिल्हा विसरलेला नाही.

पहिले घर घेणाऱ्याला सरकार काही सवलती देते. कुणाला भरलेल्या करातून पैसा परत मिळतो, कुणाला कर्जाच्या व्याजात मदत मिळते, तर कुणाला घरकुलाचे अनुदान मिळते. पण यांतली एकही सवलत आपोआप दारात चालत येत नाही. ती मागावी लागते, आणि मागण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतात. घर कुणाच्या नावावर आहे? कर्ज कोणत्या तारखेचे आहे? आणि कराचा हिशेब कोणत्या पद्धतीने मांडायचा?

त्याआधी एक गोष्ट उघड करून सांगतो. कराचा परतावा म्हणजे सरकारने दिलेले बक्षीस नव्हे. आपल्या पगारातून दरमहा जो कर कापला जातो, तो वर्षअखेरीच्या हिशेबात जास्त कापला गेल्याचे दिसले, तर तेवढा आपण परत मागून घेतो. ज्याने कर भरलेलाच नाही, त्याला परत काय मिळणार? शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. म्हणून केवळ शेतीवर जगणाऱ्या बांधवांचा मार्ग वेगळा आहे. तोही पुढे सांगतो.

आता पहिला प्रश्न : घर कुणाच्या नावावर?

नांदेडला तरोड्याकडे किंवा लातूरला औसा रस्त्याला अनेक गुरुजी आणि बाई प्लॉट पाहत असतात. दोन गुंठे जागा स्वस्तात मिळते, विकणारा ओळखीचा असतो, आणि व्यवहार बाँडपेपरवर नोटरी करून उरकला जातो. मंडळी, अशा कागदाने जागा आपली होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदलेले खरेदीखत हवे, जमीन अकृषिक झालेली हवी, आणि बांधकामाला परवानगी हवी. हे नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि मालकीचा भक्कम कागद नसेल तर कराची सवलत मागायलाही आधार उरत नाही. स्वस्त प्लॉट पुढे फार महाग पडतो, तो असा.

नावाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. पंचवीस लाखांच्या घरावर ही सूट पंचवीस हजारांची झाली. हे ऐकून काही गुरुजी घर पत्नीच्या नावे करतात आणि कर्जाचे हप्ते मात्र आपल्या पगारातून फेडतात. पुढे हिशेबाच्या वेळी कळते, की कर्जावरील व्याजाची वजावट घराच्या मालकालाच मिळते. गुरुजींचे नाव कागदावर नाही, म्हणून वजावटही नाही. घर दोघांच्या नावे आणि कर्जही दोघांच्या नावे असेल, तर दोघांनाही आपापल्या हिश्शाची वजावट मागता येते. पण मग मुद्रांकाची ती सूट मिळत नाही. दोन्हींपैकी आपल्याला काय सोयीचे, याचा हिशेब रजिस्ट्रीच्या आधी करावा. रजिस्ट्री झाल्यावर नाव बदलायचे तर पुन्हा खर्च आला. घरधनिणीचे नाव घरावर असावे, हे मात्र मी आवर्जून सांगेन. सूट मिळो न मिळो, उद्या वाईट वेळ आली तर तेच नाव तिला आणि मुलांना आधार देते.

दुसरा प्रश्न : कर्ज कोणत्या तारखेचे?

सरकारी सवलतीला सुरुवात असते तसा शेवटही असतो. पहिले घर घेणाऱ्यांसाठी प्राप्तिकरात दीड लाख रुपयांपर्यंत व्याजाची जादा वजावट होती. ती १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना, आणि मुद्रांकासाठी धरलेली किंमत पंचेचाळीस लाखांपर्यंत असलेल्या घरांना. त्या काळात ज्यांनी कर्ज घेतले, त्यांना जुन्या करपद्धतीत ती पुढेही मागता येते. नंतरच्या कर्जांना ती नाही. तसेच पंतप्रधान आवास योजनेतील दोन लाख सदुसष्ट हजारांच्या व्याज अनुदानाचे. ती जुनी योजना अल्प उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२२ ला संपली. जुनी जाहिरात दाखवून कुणी आजही त्याच पैशाची आशा लावत असेल, तर त्याला मंजुरीची तारीख विचारा.

त्या जागी आता शहरी आवास योजनेचा दुसरा टप्पा आहे. १ सप्टेंबर २०२४ नंतर मंजूर होऊन हाती आलेल्या कर्जासाठी ही मदत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असावे. पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के व्याजाची मदत होते. ती जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यावर जमा होते. कुटुंबात कुणाच्याही नावे देशात कुठेही पक्के घर नसावे, आणि मागच्या वीस वर्षांत दुसऱ्या घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नसावा. घर बाईच्या नावे किंवा जोडनावाने असावे. नव्याने लागलेल्या शिक्षण सेवकाने ही योजना जरूर पाहावी. अर्ज ज्या बँकेकडून कर्ज घेणार तिथेच विचारावा.

तिसरा प्रश्न हिशेबाच्या पद्धतीचा, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो.

प्राप्तिकराच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याज दोन लाखांपर्यंत वजा होते. मुद्दल, विमा, भविष्य निर्वाह निधी मिळून आणखी दीड लाख वजा होते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या या वजावटी नाहीत, पण कराचे दर कमी आहेत. २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ धरली जाते. जुनी हवी असेल तर तसे सांगावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, अर्धापूर तालुक्यातल्या एका शाळेवर एक गुरुजी आहेत. २०२५-२६ या वर्षात त्यांचा पगार अकरा लाख चाळीस हजार झाला. घराचे कर्ज आहे म्हणून त्यांनी कार्यालयाला जुनी पद्धत लिहून दिली. प्रमाणित वजावट पन्नास हजार, व्यवसाय कर अडीच हजार, व्याज दोन लाख आणि बचत व मुद्दल दीड लाख वजा केले. उरले सात लाख साडेसदतीस हजार. त्यावर उपकरासह कर झाला बासष्ट हजार चारशे रुपये, आणि तो पगारातून कापला गेला. आता हेच नव्या पद्धतीने मांडा. पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट काढली, की उरले दहा लाख पासष्ट हजार. त्या वर्षी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्याला पगारावरचा कर माफ आहे. म्हणजे कर शून्य! कार्यालयाला काहीही लिहून दिले असले, तरी विवरणपत्र भरताना गुरुजींना पद्धत बदलता येते. ती बदलली तर बासष्ट हजार चारशे रुपये परत मिळतात. न बदलली तर तेवढा पैसा विनाकारण सरकारजमा.

पाहिलेत? घरकर्ज आहे म्हणून जुनी पद्धतच फायद्याची, हा समज आता सगळ्यांना लागू पडत नाही. पगार मोठा आणि वजावटी पुष्कळ असतील तर जुनी पद्धत परवडेलही. म्हणून दोन्ही हिशेब कागदावर शेजारी शेजारी मांडावेत आणि मग ठरवावे. गणित शिकवणाऱ्या गुरुजींना याचे भय कशाला? आणि नुसता कर वाचावा म्हणून कर्ज काढू नये, हे तर या हिशेबातूनच दिसते.

घर स्वतः बांधत असाल तर एवढे ध्यानात ठेवा. जुन्या पद्धतीत व्याजाची वजावट बांधकाम पुरे झाल्याच्या वर्षापासून सुरू होते. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले, ते संपल्यापासून पाच वर्षांत काम पुरे झाले नाही, तर दोन लाखांची मर्यादा तीस हजारांवर येते. म्हणून काम पुरे झाल्याचा दाखला वेळेवर घ्यावा.

आता अर्ज कसा करायचा? परताव्याचा निराळा अर्ज नसतो; प्राप्तिकराचे विवरणपत्र हाच अर्ज. ते खात्याच्या संकेतस्थळावर भरता येते आणि त्याला फी नाही. जवळ ठेवायचे ते कागद असे : पगार व करकपातीचा दाखला, बँकेचे व्याज-मुद्दलाचे प्रमाणपत्र, खरेदीखत. पॅन आधारशी जोडलेले असावे आणि बँक खाते संकेतस्थळावर तपासून घेतलेले असावे. परतावा त्याच खात्यात येतो. पगारदारांची मुदत साधारणपणे ३१ जुलैची असते. ती टळली तर जुनी पद्धत निवडता येत नाही. भरून झाल्यावर तीस दिवसांत पडताळणी करावी. नाही तर भरलेले न भरल्यासारखे होते.

एक सावधगिरी. काही दलाल शाळेत येऊन "गुरुजी, पन्नास हजार काढून देतो, त्यातले थोडे आम्हाला" असे सांगतात. नसलेले कर्ज, न दिलेली देणगी दाखवून परतावा मागतात. सही कुणाची? आपली. चौकशीत खोटेपणा ठरला तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो, आणि दलाल तोवर दुसऱ्या गावी गेलेला असतो. मोबाइलवर "परतावा मंजूर, इथे दाबा" असा निरोप आला तर त्याला भुलू नये. गुप्त अंक तर कुणालाही सांगू नये.

आता माझ्या शेतकरी आणि शेतमजूर बांधवांकडे वळतो. खेड्यात ज्याला पक्के घर नाही, त्याच्यासाठी २०१६ पासून ग्रामीण आवास योजना आहे. तिच्यात केंद्राने ठरवलेली मदत सपाट प्रदेशात एक लाख वीस हजारांची. ती कामाच्या टप्प्यांप्रमाणे थेट बँक खात्यात येते. अनुसूचित जातींसाठी रमाई, आणि किनवट-माहूरकडच्या आदिवासी बांधवांसाठी शबरी, या राज्याच्या योजना आहेत. यादी ग्रामसभेत वाचली जाते, म्हणून ग्रामसभा चुकवू नये. नाव नसेल तर तिथेच उभे राहून विचारावे. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हा घरपट्टीचा कागद आहे. मालकी त्याने सिद्ध होत नाही. गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन सनद मिळत असेल, तर ती घरातल्या बाईचे नाव लावून घ्यावी.

गुरुजन हो, शेवटची विनंती तुम्हाला. आपला हिशेब झाला की शेजारच्या घरातला कागदही एकदा वाचून दाखवा. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असे आपण हसून म्हणतो. पण कागद पुरा आणि तारीख गाठलेली असली, की थांबावे लागले तरी पैसा बुडत नाही. कर भरताना परताव्याला विलंब झाला, तर प्राप्तिकर खाते त्यावर महिना अर्धा टक्का व्याजही देते. नाव, तारीख आणि हिशेब, एवढे तीन शब्द गाठीला बांधा.