वाऱ्याची लिपी
(हीरक महोत्सवानिमित्त गुरुग्राम येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



वैशाख-ज्येष्ठात येथे आंधी उठते, तेव्हा दारे-खिडक्या लावूनही घरभर धूळ साचते. तीत पश्चिमेकडील थरच्या वाळवंटाचाही वाटा असतो. भूगोलाच्या तासाला पाठ केलेले वालुकागिरी, बारखाण, ऊर्मिचिन्हे हे शब्द येथे असे थेट उंबरठ्यावर येतात.

वाळूचा कण वाऱ्याबरोबर फार उंच जात नाही. तो उडी घेतो, आदळतो आणि आदळताना इतर कणांना उडवतो. अशा असंख्य उड्यांतून वाळूवर लहरी उमटतात. ब्रिटिश अभियंते राल्फ बॅग्नोल्ड यांनी वाळवंटात आणि प्रयोगशाळेत याचा अभ्यास करून 1941 साली ग्रंथ लिहिला. मंगळावरील एका वालुकागिरींच्या पट्ट्याला त्यांचेच नाव आहे. 2015 च्या अखेरीस ‘क्युरिऑसिटी’ ही फिरती प्रयोगशाळा तेथे पोहोचली.

मंगळावर हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तरीही तेथील वाळू सरकते. तेथे सुमारे 10 सेंटिमीटर अंतराच्या लहरी दिसल्या आणि त्यांच्यासोबत सुमारे 3 मीटर अंतराच्या मोठ्या लहरीही. शनीच्या टायटन या उपग्रहावरील ‘वाळू’ तर कार्बनी द्रव्याची असावी, असे मानतात. तरी ‘कॅसिनी’ यानाच्या रडारला तेथेही वालुकागिरींच्या लांबच लांब रांगा आढळल्या. वाळू निराळी, हवा निराळी. पण निसर्गनियम तेच. म्हणूनच या आकारांवरून, कोणीही अंगावर न घेतलेल्या वाऱ्याची दिशा शास्त्रज्ञांना वाचता येते.

हीच लिपी आपल्या दाराशीही वाचली पाहिजे. अरवलीचे डोंगर आणि त्यांवरील झाडी वाऱ्याचा वेग अडवतात, माती धरून ठेवतात. डोंगर फोडले, झाडी तोडली की धुळीची वाट मोकळी होते. गुरुग्रामचे अरवली जैवविविधता उद्यान जुन्या खाणींच्या जागेवर 2010 पासून उभे राहिले. नागरिकांनी आणि शाळकरी मुलांनी तेथे स्थानिक झाडे लावली. उजाड केलेली भूमी पुन्हा सावरता येते, याचा तो पुरावा आहे.

पालकहो, मुलांना तेथे न्या. झाडाच्या आडोशाला साचलेली माती दाखवा आणि विचारा, “वारा कुठून आला असेल?” साठ वर्षे शाळेने मुलांना मातृभाषेत शब्द दिले. त्या शब्दांनी आपल्या पायाखालची जमीन वाचणे आणि जपणे, हेच त्या शिक्षणाचे सार्थक होय.