अस्थिरतेचे माप आणि व्यवहाराची मर्यादा



कृष्णा-पंचगंगेच्या सान्निध्यात वसलेल्या, पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी म्हणून नावारूपास आलेल्या आणि पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची जन्मभूमी असलेल्या या कुरुंदवाड नगरीत अध्यक्षपदाचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. तेजीमंदीचा विषय या मुलखाला नवखा नाही. हळदीच्या वायद्यांसाठी सांगलीची पेठ देशभर ओळखली जात होती. मात्र आता उसाचे बिल खात्यावर जमा होताच मोबाइलवर अल्पमुदतीची खरेदीविक्री करणारा तरुण घरोघर दिसू लागला असल्यामुळे, बाजाराच्या अस्थिरतेचा उपयोग नेमका कशासाठी करावा, याचा विचार करणे मला अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय शेअर बाजाराने २००८ मध्ये सुरू केलेला ‘इंडिया विक्स’ हा निर्देशांक निफ्टीच्या ऑप्शनांच्या भावांवरून पुढील ३० दिवसांतील अपेक्षित चढउतार वार्षिक टक्केवारीत सांगतो. त्याला ढोबळमानाने १६ ने भागले, की एका दिवसाच्या संभाव्य हालचालीचा अंदाज येतो. निर्देशांक १६ असता सुमारे एक टक्का, ३२ असता दोन टक्के. परंतु ही हालचाल वर होईल की खाली, याविषयी तो मौन पाळतो. मार्च २०२० मध्ये तो आधी चाळिशीच्या घरात गेला, त्यानंतर बाजार आणखी कोसळला. २३ मार्चला सेन्सेक्स एकाच दिवसात १३ टक्क्यांहून अधिक घसरला. आणि दुसऱ्या दिवशी इंडिया विक्स ८० च्याही वर असताना बाजाराने तळ गाठून वरची वाट धरली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की येथील शेतकरी पाणी उद्या चढेल की उतरेल यावर पैज लावीत बसत नाही, जनावरे सोडवून उंचावर नेतो. व्यापाऱ्यानेही या मापाकडे त्याच दृष्टीने पाहावे.

म्हणजे अस्थिरतेने दिशा नव्हे, तर व्यवहाराचे आकारमान ठरवावे. पाच लाखांच्या भांडवलावर एका व्यवहारात अडीच हजारांपेक्षा अधिक गमवायचे नाही, असा ज्याचा निर्धार आहे, त्याने शेअरची नेहमीची दैनंदिन हालचाल पाहून खरेदीभावाखाली दहा रुपयांवर स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवणारी विक्रीची पातळी, ठेवला, तर अडीचशे शेअर घ्यावेत. हालचाल दुप्पट होऊन स्टॉपलॉस वीस रुपयांवर न्यावा लागला, तर सव्वाशेवर थांबावे. खवळलेल्या बाजारात स्टॉपलॉस तेवढाच जवळ ठेवणारा क्षुल्लक हेलकाव्याने बाहेर फेकला जातो, आणि तो दूर सारून संख्या न घटवणारा भांडवलालाच मुकतो. शिवाय भाव रात्रीतून उडी घेऊन उघडला, तर स्टॉपलॉस ठरल्या किमतीला लागेलच असा भरवसा नाही. म्हणून व्यवहार दुसऱ्या दिवसावर नेताना संख्या आणखी कमी असावी.

हा हिशेब रूक्ष वाटेल. पण सेबीच्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन व्यवहारांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांवर पोहोचला. अशा बाजारात सोडतीच्या भरवशावर उतरण्यापेक्षा न उतरणे शहाणपणाचे. म्हणून माझी तरुण मित्रांना विनंती आहे, की व्यवहारापूर्वी नुकसानीची कमाल रक्कम रोजमेळात लिहावी, तीवरून शेअरांची संख्या काढावी, आणि ही संख्या काढता येत नसेल त्या दिवशी खरेदीविक्री करूच नये.