मागील दाराचा रॉथ आणि तळाशी राहिलेले पाच डॉलर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी उभी राहिले म्हणजे लोणच्यावर बोलणार, असे पुष्कळजणींना वाटले असेल. पण आज मला बोलायचे आहे ते आपल्या स्वतःच्या नावावरच्या पैशाविषयी. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पण शाळेत त्रैराशिक शिकले होते, आणि या विषयाला तेवढे पुरते.

आपण येथे अमेरिकेत घर सांभाळणाऱ्या बायका. आपली मिळकत नसली, तरी यजमानांच्या मिळकतीवर, दोघांचे विवरण एकत्र भरले असता, आपल्या नावाने आय.आर.ए. खात्यात पैसे घालता येतात. त्यातले रॉथ खाते १९९८ साली सुरू झाले. कर भरलेला पैसा घालायचा आणि म्हातारपणी नियमाप्रमाणे काढला, की त्याच्या वाढीवरही कर नाही. मात्र २०२५ सालासाठी दोघांचे उत्पन्न २,४६,००० डॉलर वा अधिक असेल, तर रॉथमध्ये सरळ एक डॉलरही घालता येत नाही.

परंतु साध्या खात्यातून रॉथमध्ये पैसे वळवण्याला २०१० पासून उत्पन्नाची अट नाही. म्हणून आधी साध्या खात्यात घालायचे, त्यावर करात सूट घ्यायची नाही, आणि मग वळवायचे. याला मागील दार म्हणतात. यात चोरी नाही, पण सरकारला हिशेब द्यावा लागतो. तो ८६०६ नंबरच्या फॉर्मवर.

आता घोटाळा कोठे होतो? आपण ७,००० घातले आणि ७,००० वळवले. मधल्या दिवसांचे ५ डॉलर व्याज मागाहून जमा झाले, आणि ३१ डिसेंबरला तेवढे खात्यात राहिले. पुष्कळजणी घाबरतात. घाबरू नका. वळवलेले ७,००० आणि उरलेले ५ मिळून ७,००५. त्यात कर भरलेले ७,०००. मग ७,००५ ला ७,०००, तर वळवलेल्या ७,००० ला किती? उत्तर येते ६,९९५. म्हणजे करपात्र फक्त ५ डॉलर. कर भरलेल्यांपैकी जे ५ शिल्लक राहिले, ते फॉर्मच्या १४व्या ओळीत लिहायचे आणि पुढील वर्षी दुसऱ्या ओळीत उतरवायचे. पन्नास सेंटांच्या आतच उरले असेल आणि सगळे आकडे पूर्ण डॉलरात लिहीत असाल, तर तेथे शून्य येते.

मात्र जुन्या नोकरीचे ६३,००० डॉलर, ज्यांवर कर भरलेला नाही, त्याच नावाच्या साध्या खात्यात पडून असतील, तर गोष्ट वेगळी. दुधात पाणी मिसळल्यावर नुसते दूध काढून घेता येत नाही. तेथे ७,००० पैकी ७०० बिनकराचे आणि ६,३०० करपात्र ठरतात. खाती चार ठिकाणी असली तरी हिशेबाला भांडे एकच. मात्र नवरा-बायकोची भांडी वेगळी. त्यांचे जुने पैसे आपल्या हिशेबात येत नाहीत, आणि फॉर्मही ज्याचा त्याने वेगळा भरायचा.

जानेवारीच्या सुमारास १०९९-आर नावाचा कागद येतो. त्यावर सगळेच ७,००० करपात्र असल्यासारखे छापलेले असू शकते. करपात्र रक्कम ठरवलेली नाही, अशी खूणही शेजारी असते. ती न पाहता, ८६०६ न जोडता विवरण गेले, तर एकाच पैशावर दोनदा कर भरला जातो. शिवाय फॉर्म न भरल्याचा ५० डॉलर दंड होऊ शकतो.

भगिनींनो, बहुतेक घरांत हे कागद यजमानांच्या कपाटात असतात. उद्या एकटीवर वेळ आली, तर यातल्या एवढ्या पैशांवर कर आधीच भरला आहे, हे कशावरून सांगणार? त्याचा पुरावा हाच फॉर्म. म्हणून दर वर्षीची एक प्रत आपल्या दागिन्यांच्या डब्याजवळ ठेवा, आणि त्या खात्यांतला शेवटचा पैसा निघेपर्यंत टाकू नका. आज घरी गेल्यावर एवढेच विचारा, "माझा ८६०६ कोठे आहे?"