सावलीचा रंग



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही एका चित्रावर बोलणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात अधिक झाले; कलेची परिभाषा आमच्याकडून फारशी ऐकावयास मिळणार नाही. पण चित्राला आधी डोळे लागतात, परिभाषा मागून येते.

चित्राचे नाव ‘बागेतील स्त्रिया’. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने ते १८६६ साली, पंचविशीत असताना, पॅरिसजवळ व्हिल-दाव्रे येथील बागेत रंगवावयास घेतले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. आम्ही ते पाहिले ते छापील पुस्तकात. पुढे १८७४ मध्ये ज्या पंथाला नाव मिळाले आणि ज्याला आपण मराठीत दृक्प्रत्ययवाद म्हणतो, त्याची चाहूल या चित्रात लागते.

चित्रात चार स्त्रिया आहेत. त्यांपैकी बहुतेकींसाठी मोनेची भावी पत्नी कामिय हीच समोर बसली किंवा उभी राहिली होती. पुढे एक जण छत्री धरून बसली आहे आणि तिचा पांढरा घेर जमिनीवर पसरला आहे. आता त्या घेरावरची सावली पाहा. ती काळी नाही, निळसर-जांभळी आहे. कारण उघड आहे. ऊन अडले तरी आकाशाचा प्रकाश अडत नाही. तो सावलीत उतरतो आणि आपला रंग तेथे ठेवतो. छत्रीखालच्या चेहऱ्यावर वरून ऊन नाही, पण पांढऱ्या कापडावरून परतलेला उजेड आहे. वैशाखात दुपारी निंबाखाली विसावणाऱ्या आपल्या माणसांना हे नित्याचे आहे. फक्त आपण पाहून न पाहिल्यासारखे करतो.

राजा रविवर्म्याची शकुंतला आपल्या घराघरांत पोचली. १८९४ साली मुंबईत निघालेल्या त्याच्या छापखान्याने हे मोठे काम केले. पण ती शकुंतला झाडांच्या पुढे उभी आहे. मोनेच्या स्त्रिया झाडांच्या आत आहेत. पानांतून गळणारे ऊन त्यांच्या अंगावर, वाटेवर आणि फुलांवर सारखेच पडते.

या चित्रामागचे श्रम आम्हांला विशेष वाटतात. कापड आठ फुटांहून उंच. वरचा भाग रंगविताना शिडी घेतली तर नजरेची पातळी बदलते. म्हणून मोनेने बागेत चर खणून घेतला आणि कप्पीच्या साहाय्याने कापड त्यात खालीवर केले. ऊन जाई तेव्हा हात थांबे. बघणाऱ्याला हा रिकामा बसलेला दिसला असेल. पण उन्हाची वाट पाहणे हेही त्या कामाचेच अंग होते.

१८६७ च्या सरकारी प्रदर्शनाच्या परीक्षकांनी हे चित्र नाकारले. तेव्हा फ्रेदेरिक बाझिय या चित्रकार मित्राने ते अडीच हजार फ्रँकांना घेतले, तेही महिना पन्नास फ्रँकांच्या हप्त्याने. म्हणजे चित्रकाराला किंमत मिळाली नाही, महिना बांधून मिळाला! बाझिय १८७० च्या युद्धात अठ्ठाविसाव्या वर्षी पडला. पुढे १९२१ साली फ्रान्सच्या सरकारने हेच चित्र दोन लाख फ्रँक मोजून विकत घेतले. मधल्या काळातली महागाई वजा केली तरी हिशेब बोलका आहे.

आमचे काही सोबती विचारतात, “या बायकांचे हात रिकामे आहेत. ही बाग निंदली कोणी, पाणी घातले कोणी? तो माळी चित्रात कोठे आहे?” प्रश्न रास्त आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण त्याच पंथातील कामिय पिसारो याने शेतात वाकलेल्या खेड्यातील बायका त्याच प्रकाशात रंगविल्या. पाहण्याची ही नवी रीत श्रीमंतांच्या बागेत अडकून राहिली नाही. आपल्या जिल्ह्यात पऱ्हाटीच्या ओळींत निंदणाऱ्या बाईच्या पांढऱ्या रुमालावरही दुपारी तीच निळी सावली पडते. ती आम्हांला दिसू लागली ती या चित्रामुळे.

मग ‘चित्राचा मजुराला उपयोग काय?’ या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरच्या कामगारांनी लढा दिला, तो केवळ अधिक झोपेसाठी नव्हे. उरलेल्या वेळात माणसाने काय करावे, हेही त्या मागणीत होतेच. भाकरीचा हिशेब आम्ही सोडणार नाही. पण दिवसभर उन्हात राबणाऱ्याला उन्हाचा रंग पाहण्याची सवड नसावी, ही व्यवस्था आम्हांला मान्य नाही. उद्या दुपारी बाजारातून जाताना एखाद्या पांढऱ्या धोतरावरची सावली पाहा. ती काळी दिसली तर पुन्हा एकदा पाहा.